हळद, भुईआवळा आणि ओला मका

खरिपाचा मका बाजारात येऊ लागला की पोल्ट्रीवाल्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. पक्षी खातायत, पण वजन धरत नाहीत. लस वेळेवर देऊनही गंबोरो रोग उठतो. मेलेला पक्षी फाडून बघावा तर यकृत सुजलेलं, पिवळट, बोटानं दाबलं की चुरणारं. अशा वेळी आधी खाद्याची गोणी तपासावी.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखावर पिल्लं मेली. माग निघाला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत. तीत वाढलेल्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. आपल्याकडे १९७४ मध्ये पंचमहाल आणि बांसवाडा भागांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. कोंबडी तर रोज मकाच खाते!

या विषाची गंमत म्हणा, क्रूरपणा म्हणा, असा की त्याला धार यकृतच लावतं. बी-वन हे अफ्लाटॉक्सिन पचवायला गेलेली यकृतातली विकरं त्याचं एपॉक्साइड करतात आणि ते पेशीच्या डीएनएला चिकटतं. मग प्रथिनं बनवण्याचं काम बिघडतं. वाढ खुंटते, रक्त नीट गोठत नाही, रोगाशी लढण्याची ताकद घटते. लस फसल्यासारखी का वाटते, ते इथे कळतं.

वनौषधींचं काम याच टप्प्यावर. हळदीतलं कर्क्युमिन त्या रूपांतराला आवर घालतं आणि पेशींची होरपळ कमी करतं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात ब्रॉयलर पिल्लांच्या खाद्यात किलोमागे एक मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन घालून अर्धा टक्का हळद आणि अर्धा टक्का विष बांधणारी माती यांची चाचणी झाली. २००८ साली तिचे निष्कर्ष छापले गेले. दोन्ही एकत्र दिल्यावर विषाचे दुष्परिणाम कमी झाले. मला ही जोडी पटते. माती आतड्यातच विष धरते, निसटलेल्याशी यकृतात हळद झुंजते.

भुईआवळा, काळमेघ, कुटकी, पुनर्नवा, माका ही आपल्या काविळीच्या औषधांतली मंडळी आता कोंबड्यांच्या ‘लिव्हर टॉनिक’मध्येही दिसतात. पण लेबलावर नुसती नावांची माळ असेल तर मी विक्रेत्याला मुख्य घटकाचं प्रमाण विचारीन. हळद हळद म्हणतो आपण, पण तिच्यात कर्क्युमिन किती, यावर सगळं अवलंबून. शिवाय खाद्यातलं विष टॉनिकनं नाहीसं होत नाही. मका उन्हात घातला तर बुरशीची वाढ थांबेल, आधी तयार झालेलं विष मात्र तसंच राहील. पेलेट करतानाच्या उष्णतेलाही ते दाद देत नाही.

म्हणून मका घेताना ओलावा मोजून घ्या. तेरा टक्क्यांच्या वर असेल तर वाळवल्याशिवाय थप्पी लावू नका, आणि गोण्या भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवा. फुटका दाणा आणि चुरा चाळून काढा, विष तिथे जास्त असतं. गोणीचा संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा, अहवाल येईपर्यंत ते खाद्य कोणत्याच पक्ष्याला घालू नका. लहान पिल्लांना तर मुळीच नाही.