कशावरून?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या गुरुजींचा एक शब्द सगळ्यांना आठवत असेल : ‘कशावरून?’ उत्तर बरोबर आलं तरी ते हे विचारायचेच. त्या शब्दाचा अर्थ मी मात्र बरीच वर्षं चुकीचा लावला. मुंबईला नोकरीला लागलो आणि ठरवून टाकलं की, स्वतःच्या डोक्याने विचार करणाऱ्याला गावकी लागत नाही. शिमग्याच्या पालखीची वर्गणी बंद केली. सभेचं बोलावणं आलं की हसायचो. याला मी स्वातंत्र्य म्हणत होतो.

२००५ च्या जुलैत दासगावावर दरड कोसळली. आई घरात एकटी. फोन लागेना. कसाबसा पोचलो, तर आई सुखरूप होती. ज्यांची वर्गणी मी नाकारली, त्यांच्यातल्याच दोघांनी तिला भर पावसात पाठंगुळी घेऊन बाहेर काढलं होतं. मी ओशाळून वर्गणीचा विषय काढला. त्यातला एक म्हणाला, “दादा, तेव्हा वही कोण बघतंय?”

मग मला आपल्याच भागातले कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे नव्याने कळले. लहानपणी जातीमुळे त्यांना शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्यांनी अन्यायाविरुद्ध पत्र लिहिलं, ते छापून आलं आणि प्रवेश मिळाला. प्रश्न एकट्या मुलाचा होता. पण तो छापणारं, वाचणारं कुणीतरी लागलंच. पुढे १९२७ च्या मार्चमध्ये महाडची परिषद भरवण्यात ते पुढे होते. त्याच डिसेंबरात बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने आपल्या दासगावच्या बंदरात उतरले, तेव्हा हजारो माणसं वाट पाहत उभी होती. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. त्यांनी जातीचं ऐकलं नाही. पण म्हणून ते एकटे पडले नाहीत, त्यांनी माणसं निवडली.

मोरे १९३० मध्ये कम्युनिस्ट झाले. तरी बाबासाहेबांशी नातं तोडलं नाही, आणि पक्षालाही ‘अस्पृश्यतेचा प्रश्न हाती घ्या’ असं लिहून सांगत राहिले. दोन्ही घरांत राहून दोन्ही घरांना प्रश्न विचारले.

गाव सगळ्यांना सारखं नसतं, हे मी विसरत नाही. ज्याला तळ्यावरून हुसकावलं, त्याला ‘गावाला धरून राहा’ असं मी कोणत्या तोंडाने सांगू? काहींना निघून जाणंच भाग होतं. पण मला कुणी हुसकावलं नव्हतं. मी नुसताच दूर गेलो होतो आणि त्यालाच विचार समजत होतो. विचाराने माणूस समाजापासून सुटत नाही, असं आता वाटतं. समाजात बसून ‘नाही’ म्हणायचं बळ मात्र येतं. आणि तो ‘कशावरून’ तरी माझा कुठे होता? तो याच शाळेने दिला.

आता मी वर्गणी देतो, सभेलाही जातो. तिथे दरवर्षी विचारतो, “बायका सभेत का बसत नाहीत?” पहिल्या वर्षी कुणी बोललं नाही. दुसऱ्या वर्षी भांडण झालं. यंदा दोघीजणी येऊन बसल्या. मागच्या ओळीत, पण बसल्या.

गुरुजी, तुम्ही ‘कशावरून?’ विचारणारच, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.