चोथ्यावरचे पाणी



व्याख्यानमालेत पाण्यावर बोलायचे म्हटले की आपणांस दुष्काळ आठवेल. आम्ही बोलणार आहोत ते साखर कारखान्यात उसाच्या चोथ्यावर शिंपडतात त्या पाण्याविषयी. उजनीचे पाणी आल्यापासून माढा तालुका उसाचा झाला, पिंपळनेरास कारखाना उभा राहिला. तेव्हा हा विषय आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि मिलवर अधिक झाले; म्हणून साधे उदाहरण घेतो.

आमटीसाठी चिंच कोळताना घरातील बाई सारे पाणी एकदम ओतीत नाही. थोडे घालते, पिळते, पुन्हा थोडे घालते. पिळलेल्या चोथ्यात एक वाटी रस अडकून राहतो असे धरू. तीन वाट्या पाणी एकदम घालून तितकेच पिळले, तर त्या रसाचा चौथा हिस्सा चोथ्यात राहतो. तेच पाणी एकेक वाटी करून तीनदा घातले व दरवेळी पिळले, तर आधी निम्मा, मग पाव आणि अखेर आठवा हिस्सा राहतो. पाणी तेवढेच, नुकसान मात्र निम्मे.

कारखान्यात हेच चालते. चार-पाच मिल ओळीने असतात. गरम पाणी शेवटच्या मिलच्या तोंडाशी चोथ्यावर पडते. तिथला पातळ रस आधीच्या मिलच्या चोथ्यावर जातो, तिथला त्याच्याही आधीच्या. ऊस पुढे जातो, पाणी उलट्या पावली येते. याला इंबिबिशन म्हणतात.

आता पाणी किती? १०० टन उसात साधारण १४ टन तंतू असतो. पाणी तंतूच्या दोन ते अडीच पट धरले तर २८ ते ३५ टन होते. कमी पडले तर साखर चोथ्यात राहते आणि बॉयलरमध्ये जळते. १०० टन उसामागे २८ टन चोथा व त्यात २ टक्के साखर धरली तर ५६० किलो गेली. अडीच टक्के राहिली तर ७०० किलो. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात हा अर्ध्या टक्क्याचा फरक दिवसाला ७ टन साखरेचा होतो. उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला असल्याने ही झळ शेतकऱ्यासही पोचते.

मग पाणी भरपूर का सोडू नये? घातलेले पाणी पुन्हा आटवावे लागते. बार्शी लाइट रेल्वेची इंजिने पाहिलेल्या गावाला वाफेची किंमत आम्ही काय सांगावी! नॉर्बर्ट रिलियू या अमेरिकेतील कृष्णवर्णीय आईच्या पोटी जन्मलेल्या इंजिनिअराने १८४३ साली एकाच वाफेकडून अनेक भांड्यांत ओळीने काम करून घेणारी योजना पेटंट केली. तिच्यामुळेच एवढे पाणी परवडते. तरीही त्याला मर्यादा आहेच.

बिअर करणारेही जवाच्या चोथ्यावर असेच गरम पाणी शिंपडून गोडवा उतरवितात. आम्ही त्या पेयाचा प्रचार करीत नाही, पण त्यांचा अनुभव ऐकण्याजोगा आहे. किलोभर धान्य साधारण लिटरभर पाणी धरून ठेवते. धान्य दुप्पट झाले की हे पाणीही दुप्पट. उकळताना उडणारे पाणी मात्र भांड्याच्या तोंडावर आणि जाळावर ठरते. म्हणून माल वाढविताना पाण्याच्या जुन्या आकड्याला नुसते दोनाने गुणून भागत नाही. प्रत्येक खर्च वेगळा मांडावा लागतो.

हे न मांडल्याने काय होते ते आम्ही २०११ सालच्या हंगामात एका कारखान्यात पाहिले. गाळप २,५०० टनांवरून ३,५०० टनांवर नेले. तंतू ३५० टनांचा ४९० टन झाला. पाणी मात्र पूर्वीचेच, ८४० टन. पूर्वी ते तंतूच्या २.४ पट होते, आता जेमतेम १.७ पट. उतारा घसरला आणि शेवटच्या मिलवरच्या हंगामी कामगाराला नोटीस मिळाली. त्याने आम्हांस विचारले. आम्ही रागाच्या भरात सांगितले, "व्हॉल्व्ह पुरा उघड." त्याने उघडला. दुसऱ्याच पाळीत वाफ पडली आणि मिल दोन तास उभी राहिली. नोटिशीची पुढे बडतर्फी होण्याची वेळ आली. चूक आमची होती, भोगणार होता तो.

त्यानंतर आम्ही प्रयोगशाळेचे आकडे मागितले, रात्रभर बसून वरचे गणित मांडले आणि व्यवस्थापनापुढे ठेवले. नोटीस मागे घेतली गेली. पाण्याचा नळ मोठा बसला आणि पाणी पायरीपायरीने, वाफेकडे पाहून वाढविले. आमची आणखी एक मागणी होती: दर पाळीला त्या दिवसाच्या तंतूचा व पाण्याचा आकडा मिलजवळच्या फळ्यावर खडूने लिहावा. पगारवाढीपेक्षा या मागणीसाठी आम्हांस अधिक भांडावे लागले, हे आपणांस नवल वाटेल.

आकडा वरच्या कचेरीत आणि व्हॉल्व्ह कामगाराच्या हातात, अशी वाटणी असेल तर साखरही जाते आणि माणूसही जातो. आपल्या गावात कारखान्याचे सभासद आहेत, कामगार आहेत. त्यांनी हंगामात एकदा तरी मिलजवळ जाऊन तो फळा आहे की नाही हे पाहावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.