वचन, मोबदला आणि कायदा : अमेरिकेतील कराराची मूलतत्त्वे

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकेने आठवणी सांगाव्यात, अशी रीत आहे. आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत, म्हणून मी वेगळा विषय निवडला आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले आज अमेरिकेत शिकत आहेत, नोकरी करीत आहेत. त्यांचे आईवडील दाखल्यासाठी किंवा गुणपत्रिकेच्या प्रतीसाठी शाळेत येतात, तेव्हा हातात आणखीही कागद असतात : घराचा भाडेकरार, नोकरीचे पत्र, शैक्षणिक कर्जाची हमी. "बाई, मुलाने सही केली आहे, आता याने तो किती बांधला गेला?" असा प्रश्न ते विचारतात. मी वकील नाही, राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तेव्हा माझे बोलणे वकिलाच्या सल्ल्याच्या जागी घेऊ नये. परंतु कोणते वचन कायदा पाळायला लावतो आणि कोणते माणसाच्या सचोटीवर सोडतो, हे सुशिक्षित माणसाला ठाऊक असावे, असे मला वाटते.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे भारतीय करार कायदा 1872 सालचा आणि बहुतांशी देशभर एकच. अमेरिकेत करारांचा कायदा मुख्यतः राज्यांचा आहे आणि तो न्यायालयांच्या निर्णयांतून घडत आला आहे. मालाच्या खरेदी-विक्रीसाठी 'एकरूप व्यापारी संहिता' आहे. तिचा विक्रीविषयक भाग लुईझियाना वगळता सर्व राज्यांनी स्वीकारला आहे. म्हणजे न्यूयॉर्कमधील मुलाला लागू असलेला नियम टेक्सासमधील मुलीला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. मूलतत्त्वे मात्र बहुतेक सर्वत्र सारखी आहेत.

पहिले तत्त्व प्रस्ताव आणि स्वीकृती यांचे. एकाने निश्चित प्रस्ताव मांडावा आणि दुसऱ्याने तो स्वीकारावा, म्हणजे संमती झाली. पण माणसाच्या मनात काय होते, हे न्यायालयाने कसे ओळखावे? अमेरिकेतील न्यायालये मनात शिरत नाहीत. समंजस माणसाला बाहेरून काय दिसले असते, ते पाहतात. व्हर्जिनिया राज्यातील 'लूसी विरुद्ध झेमर' हा खटला याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. 1952 च्या डिसेंबरमध्ये एका उपाहारगृहात मद्यपान करीत असताना झेमर यांनी आपली शेती 50,000 डॉलरला विकण्याचे तेथल्याच बिलाच्या पाठीवर लिहून दिले. पतिपत्नी दोघांनी सह्या केल्या. पुढे ते म्हणाले, ती थट्टा होती. 1954 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की थट्टा मनात होती, कागदावर नव्हती. शेती द्यावी लागली.

याच कसोटीने उलट निकालही लागतो. पेप्सीच्या एका जाहिरातीत 70 लाख गुण जमवणाऱ्याला लढाऊ जेट विमान मिळेल, असे दाखवले होते. एका तरुणाने सुमारे सात लाख डॉलरचा धनादेश पाठवून विमान मागितले. 1999 मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने दावा फेटाळला. जाहिरात हा सामान्यतः प्रस्ताव नसतो, आणि ही तर गंभीरपणे केली असेल असे कोणाही समंजस माणसाला वाटले नसते, असे न्यायालय म्हणाले. तेव्हा मुलांना सांगावे, "मी गमतीने सही केली" हा बचाव बहुधा टिकत नाही.

दुसरे तत्त्व प्रतिफलाचे. व्यवहाराच्या भाषेत त्याला मोबदला म्हणतात. नुसते वचन कायद्याला पुरत नाही. वचनाच्या बदल्यात काहीतरी दिले गेले पाहिजे. 'हेमर विरुद्ध सिडवे' हा न्यूयॉर्कमधील खटला शाळेत सांगण्यासारखाच आहे. 1869 मध्ये एका काकांनी आप्तेष्टांदेखत पुतण्याला सांगितले की, एकवीस वर्षांचा होईपर्यंत तू मद्य, तंबाखू, शिवीगाळ आणि पैसे लावून पत्ते वा बिलियर्ड खेळणे यांपासून दूर राहिलास, तर तुला 5,000 डॉलर देईन. पुतण्याने शब्द पाळला. 1875 मध्ये काकांनी पत्राने ते मान्य केले आणि पैसे आपल्याकडेच व्याजासह सांभाळून ठेवले. 1887 मध्ये काका वारले. त्यांच्या इस्टेटीचे कारभारी म्हणू लागले, "पुतण्याचे यात भलेच झाले, काकांना काय मिळाले?" 1891 मध्ये न्यायालयाने सांगितले की, जे करण्याचे कायदेशीर स्वातंत्र्य पुतण्याला होते, ते त्याने काकांच्या शब्दाखातर सोडले, एवढा मोबदला पुरेसा आहे.

याच्या शेजारी मॅसॅच्युसेट्समधील 1825 चा 'मिल्स विरुद्ध वायमन' ठेवून पाहा. पंचवीस वर्षांचा एक मुलगा घरापासून दूर आजारी पडला. मिल्स यांनी त्या परक्याची शुश्रूषा केली. वडिलांनी नंतर पत्र लिहून खर्च देण्याचे कबूल केले आणि मग शब्द फिरवला. वडिलांनी पैसे द्यायला हवे होते, हे न्यायालयालाही मान्य होते. पण शुश्रूषा वचनापूर्वीच होऊन गेली होती, मुलगा सज्ञान होता, आणि केवळ नैतिक ऋणाची वसुली कायदा करीत नाही. मिल्स यांना काही मिळाले नाही. हा निकाल वाचताना मन खट्टू होते. पण कायद्याची सीमा कोठे आहे, ते यातून कळते. आपल्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमात जवळच्या नातलगांतील नैसर्गिक प्रेमापोटी लिहून नोंदवलेले वचन मोबदल्यावाचूनही बंधनकारक मानले आहे. अमेरिकेतील सर्वसाधारण नियमात प्रेमाला अशी सूट नाही.

मात्र या कठोरपणाला न्यायालयांनीच एक वाट काढली. नेब्रास्कामध्ये एका आजोबांनी नातीला नोकरी करावी लागू नये म्हणून 2,000 डॉलरची वचनचिठ्ठी दिली. तिच्यावर विसंबून नातीने नोकरी सोडली. 1898 मध्ये न्यायालयाने ती रक्कम तिला देवविली. दुसऱ्याला विसंबायला लावून मग मागे सरता येणार नाही, असा त्याचा अर्थ. हेच तत्त्व पुढे अमेरिकन विधी संस्थेच्या करारविषयक ग्रंथात नव्वदाव्या कलमात आले.

शाळेच्या महोत्सवात देणग्यांचा उल्लेख न करून कसे चालेल? मेरी येट्स जॉन्स्टन या बाईंनी 1921 मध्ये ॲलेगेनी महाविद्यालयाला आपल्या पश्चात 5,000 डॉलर देण्याचे लेखी वचन दिले. हयातीतच 1,000 डॉलर दिले आणि 1924 मध्ये वचन मागे घेतले. 1927 मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निकाल महाविद्यालयाच्या बाजूने दिला. पैसे स्वीकारताना तो निधी त्यांच्या नावाने चालवण्याची जबाबदारी महाविद्यालयाने घेतली होती, आणि तोच मोबदला, असे त्यांनी मानले. आपल्याकडेही 1886 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने हावडा येथील नगरभवनासाठी 100 रुपये वर्गणी कबूल करणाऱ्याला ती भरायला लावली, कारण अशा वर्गण्यांच्या भरवशावर कंत्राटदार नेमला गेला होता. (आपल्या इमारत निधीत आकडे घालणाऱ्यांनी घाबरू नये, शाळा कोणावरही दावा लावणार नाही!)

तिसरे तत्त्व लेखाचे. तोंडी करारही पुष्कळदा बंधनकारक असतो. परंतु जमिनीचे व्यवहार, एका वर्षाच्या आत पुरे होऊच शकत नाहीत असे करार, दुसऱ्याच्या कर्जाची हमी, आणि 500 डॉलर वा अधिक किमतीच्या मालाची विक्री यांना सामान्यतः सहीचा लेख लागतो. हा नियम मुळात 1677 च्या इंग्लिश कायद्यातून आला. 2000 सालच्या संघीय कायद्याने इलेक्ट्रॉनिक सहीलाही कागदावरच्या सहीइतकीच मान्यता दिली. म्हणून 'मला मान्य आहे' या बटणावर बोट ठेवणे हीदेखील सहीच समजावी. पालकांनी हमीच्या कागदाकडे विशेष लक्ष द्यावे. जामीन राहणे म्हणजे शिफारस करणे नव्हे. मुलाने पैसे भरले नाहीत तर ते आपण भरू, असे ते वचन असते. तसेच चार मित्रांनी मिळून घेतलेल्या घराच्या भाडेकरारात प्रत्येकजण संपूर्ण भाड्यास जबाबदार राहील, असे कलम पुष्कळदा असते. एक निघून गेला तर त्याचा वाटा उरलेल्यांकडून मागता येतो.

चौथे तत्त्व संमतीच्या शुद्धतेचे. फसवणूक किंवा धाकदपटशा करून घेतलेली संमती माघारी घेता येते. बहुतेक राज्यांत अठरा वर्षांखालील मुलाला आपला करार रद्द करता येतो; भारतात तर अल्पवयीनाचा करार मुळातच शून्य मानतात. आणि करार विवेकाला न पटण्याइतका एकतर्फी असेल तर? वॉशिंग्टनमधील एका फर्निचर दुकानाने गरीब ग्राहकांशी असा हप्तेकरार केला होता की, सगळी बाकी फिटेपर्यंत पूर्वी घेतलेली एकही वस्तू ग्राहकाच्या मालकीची होत नसे. शेवटच्या वस्तूचा हप्ता थकला, की घरातले आधीचे सामानही उचलून न्यायचे. 1965 मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने सांगितले की, ज्याला खरी निवडच नव्हती त्याच्यावर लादलेला असा अवाजवी करार अमलात आणण्यास न्यायालय नकार देऊ शकते.

आता शेवटचा प्रश्न : करार मोडला तर काय? सामान्यतः शिक्षा नाही, नुकसानभरपाई. करार पाळला असता तर दुसरा पक्ष ज्या स्थितीत असता, तेथे त्याला पैशाने आणून ठेवायचे, हे सूत्र. त्यानेही आपले नुकसान वाढू द्यायचे नाही. नॉर्थ कॅरोलायनातील एका परगण्याने पुलाचे काम थांबवा असे कळवल्यावरही कंत्राटदार पूल बांधतच राहिला. 1929 मध्ये न्यायालयाने सूचनेनंतरच्या कामाचे पैसे नाकारले.

जमीन एकमेव असते म्हणून ती प्रत्यक्ष द्यायला लावतात. माणसाकडून मात्र बळाने काम करवून घेत नाहीत. यामागे फार मोठी वेदना आहे. ॲलाबामामध्ये अलोन्झो बेली या कृष्णवर्णीय मजुराने 15 डॉलर आगाऊ घेऊन महिना 12 डॉलरवर वर्षभर काम करण्याचा करार केला आणि महिन्याभरानंतर तो निघून गेला. आगाऊ रक्कम न फेडता काम सोडणे हाच फसवणुकीच्या हेतूचा पुरावा, असे राज्याचा कायदा मानत असे. त्यावरून त्याला शिक्षा झाली. 1911 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीनंतर कर्जाच्या नावाखाली सक्तीची मजुरी चालणार नाही, असा त्याचा आशय होता. आजही एच-वन-बी व्हिसावरील कर्मचाऱ्याने ठरल्या तारखेपूर्वी नोकरी सोडली म्हणून मालकाला त्याच्याकडून दंड घेता येत नाही. नुकसानीचा वाजवी अंदाज म्हणून आधी ठरवलेली रक्कम मात्र राज्याच्या कायद्यानुसार मागता येऊ शकते. परदेशात नोकरीच्या कागदाने दडपून गेलेल्या मुलाला हे अवश्य सांगावे. तो पैशाच्या देण्याने बांधला गेला असेल, देहाने नाही.

पालकहो, या सर्वांतून दोन गोष्टी घरी न्याव्यात. सही करण्यापूर्वी कागद शेवटपर्यंत वाचावा, त्याची प्रत जपावी, आणि तोंडी मिळालेले आश्वासन त्याच कागदात उतरवून घ्यावे. ही झाली कायद्याच्या बाजूची गोष्ट. दुसरी, कायदा जेथे थांबतो तेथून पुढची. मिल्स यांचे पैसे कोणत्याच न्यायालयाने दिले नाहीत; ते वडिलांनी आपण होऊन द्यायचे होते. आपली शाळाही गेली साठ वर्षे अशाच वचनांवर उभी आहे. महाराष्ट्रापासून दूर राहून मुलांना मराठीतून शिकवू, हे ठरवताना कोणी कोणाकडून लिहून घेतले नव्हते, आणि तास संपल्यावर थांबून शिकवणाऱ्या शिक्षकांच्या नेमणूकपत्रात तसे कलम नव्हते. आपल्या मुलांना पहिल्या प्रकारचे वचन तपासता यावे आणि दुसऱ्या प्रकारचे पाळता यावे, एवढीच या प्रसंगी इच्छा व्यक्त करते आणि आपली रजा घेते.