गरिबाच्या चुलीचा जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी दान, शिक्षण, संस्कार अशा उजळ विषयांवर व्याख्याने होतात. आजचा विषय त्या मानाने धुरकट आहे. गरीब कुटुंब सरपण, रॉकेल, गॅस आणि वीज यांवर किती खर्च करते आणि तोच खर्च त्याला सुखवस्तू कुटुंबापेक्षा जड का पडतो, एवढाच हा विषय. परंतु ट्रस्टच्या मदतीच्या यादीत औषधे, वह्या आणि शिष्यवृत्ती यांना स्थान आहे, चुलीला अद्याप नाही. म्हणून तो येथे मांडणे अगत्याचे वाटते.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरातील मध्यमवर्गीय घराची सकाळ बंबाने होत असे. तांब्याचा बंब, त्यात शेणी, लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या. स्वयंपाकघरात कोळशाची किंवा भुशाची शेगडी, आणि घाईच्या वेळी पिन मारून पेटवायचा स्टोव्ह. त्या काळी श्रीमंत आणि गरीब यांचे जळण बहुतांशी एकच होते. फरक होता तो खरेदीच्या पद्धतीत. ज्याच्या हाती पैसा आणि घरामागे परसू, तो उन्हाळ्यात वखारीतून गाडीभर वाळके लाकूड आणून रचून ठेवी. ज्याच्या हाती रोजची मजुरी, तो ऐन पावसाळ्यात ओली मोळी घेई. ओल्या लाकडातील बरीचशी उष्णता आधी त्यातले पाणी आटविण्यातच खर्ची पडते. म्हणजे जास्त दराने घेतलेल्या त्या मोळीतून भाकरी कमी आणि धूर अधिक निघे. कापडबाजारात थानाचा भाव वेगळा आणि तुकड्याचा भाव वेगळा, हे सर्वांना ठाऊक आहे. गरीब माणूस जन्मभर तुकड्याच्या भावानेच खरेदी करीत असतो. मग ते कापड असो, तेल असो वा जळण.

रॉकेलचेही तेच झाले. रेशनवरचे रॉकेल संपल्यावर उरलेल्या दिवसांसाठी ते बाटलीने, काळ्या बाजाराच्या दराने घ्यावे लागे. शिवाय चिमणीचा उजेड किती, तर साध्या साठ वॅटच्या दिव्यापुढे अगदी नगण्य. पैसे देऊनही अंधारच विकत घेतल्यासारखे होते ते. जुलै २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर दरमहा थोडाथोडा वाढविण्यात आला आणि २०२० साली त्यावरील अनुदान संपुष्टात आले. वीज पोहोचलेल्या घरांना त्याची फारशी झळ लागली नाही. त्याच सुमारास, म्हणजे जानेवारी २०१५ पासून, सरकारने उजाला योजनेतून एलईडी दिवे स्वस्तात उपलब्ध केले. घाऊक खरेदीत तीनशे रुपयांच्या वर असलेला दिवा दोन-अडीच वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला आणि छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. व्यापारी मनाला ही गोष्ट विशेष भावते. येथे दानाची पावती कोठेच फाडली गेली नाही. मोठ्या खरेदीचा भाव प्रथमच लहान ग्राहकाच्या पदरात पडला, एवढेच. उजेडाचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. चुलीचा सुटला नाही.

गॅसच्या नंबरासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे सभागृहातील ज्येष्ठांना स्मरत असेल. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरातील स्त्रीच्या नावे जोडणी मिळू लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटींचा टप्पा पूर्ण झाला; आठ कोटीवी जोडणी आपल्या महाराष्ट्रातच, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. हे कार्य मोठे आहे, त्यात शंका नाही. परंतु जोडणी एकदा मिळते आणि टाकी पुनःपुन्हा भरावी लागते. २०२२-२३ या वर्षी उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबाने सरासरी चारहून कमी टाक्या घेतल्या. इतर कुटुंबांची सरासरी साडेसहाच्या आसपास होती. उरलेले महिने त्या घरात काय जळते, हे निराळे सांगावयास नको.

याचे कारण अनेकदा ‘सवय’ असे सांगितले जाते. ‘त्यांना चुलीवरचीच भाकरी आवडते’, असे म्हणून विषय मिटविला जातो. (चुलीवरच्या भाकरीची पाटी हल्ली महामार्गावरील हॉटेलांवर झळकते आणि तीसाठी जादा पैसे मोजणारा ग्राहक मोटारीतून उतरतो, ही गंमत वेगळी.) सवयीचा भाग आहेच, तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यावर जशी फुगते तशी गॅसच्या बर्नरवर फुगत नाही. तथापि आधी हिशेब मांडावा आणि मग सवयीला दोष द्यावा.

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये होता. त्यातील सुमारे ६.६६ टक्के खर्च इंधन व दिवाबत्तीवर होत असे. हा झाला सरासरीचा माणूस. अगदी तळाच्या पाच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च मात्र १,३७३ रुपये एवढाच होता. पाच माणसांचे घर धरले तर सरासरीच्या घराचा महिन्याचा एकूण खर्च १८,८६५ रुपये होतो आणि तळाच्या घराचा ६,८६५ रुपये. मार्च २०२३ मध्ये मुंबईत १४.२ किलोच्या घरगुती टाकीचा दर १,१०२ रुपये ५० पैसे होता. कोल्हापुरात दोन-चार रुपये इकडेतिकडे. दरमहा एक टाकी घेतली तर सरासरीच्या घराच्या शंभर रुपयांतील सहाच रुपये तीत जात. तळाच्या घराला उज्ज्वलाची २०० रुपये सवलत धरली, तरी शंभरातील तेरा रुपये जात. सवलत मिळूनही ओझे दुपटीहून अधिक! यात विजेचे बिल अजून धरलेले नाही.

पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ही सवलत ३०० रुपये झाली, टाकीचा दरही ऑगस्ट २०२३ मध्ये २०० आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपयांनी उतरला. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जाहीर करून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याचे ठरविले. अट अशी की जोडणी स्त्रीच्या नावे हवी. ज्या घरात ती सासऱ्यांच्या वा पतीच्या नावे होती, तेथील गृहिणीला कागदानेच अडविले. दुसरी अडचण याहून खोल आहे. उज्ज्वलाची सवलत बँकेच्या खात्यात मागाहून जमा होते. टाकीवाला दारात उभा असतो तेव्हा पूर्ण रक्कम रोख लागते. शनिवारी मजुरी घेणाऱ्याच्या हाती एकरकमी हजार रुपये कोठून येणार? मग शेकड्याच्या हिशेबाने शेणी, नाहीतर शेताच्या बांधावरच्या काटक्या. त्यांना रोख रक्कम लागत नाही, वेळ लागतो. आणि गरीब घरातील स्त्रीच्या वेळेची नोंद कोणत्याच कीर्दीत होत नाही.

धुराची नोंदही तशीच राहिली. अमेरिकन शास्त्रज्ञ डॉ. कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो, याचे मोजमाप केले. त्यापूर्वी धूर म्हटले की कारखान्याच्या धुराड्याकडेच लक्ष जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. ट्रस्टच्या वैद्यकीय मदत निधीकडे दमा आणि मोतीबिंदूचे अर्ज येतात, त्यांतील काहींचा आरंभ चुलीपाशी झालेला असणे सहज संभवते.

कोल्हापूर जिल्ह्याचे म्हणून दोन विशेष प्रश्न आहेत. पहिला ऊसतोडणी मजुरांचा. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे येथे येतात आणि हंगाम संपेपर्यंत, चार-पाच महिने, कोप्यांतून राहतात. गावी गॅसची जोडणी असली तरी ती गावीच राहते. येथे तीन दगडांची चूल. फडावर पहाटेच निघायचे असल्याने बाई मध्यरात्रीनंतर केव्हातरी उठून भाकरी थापते, आणि दिवसभर मोळ्या वाहून परतताना रात्रीचे जळणही तीच आणते. जिच्या घामाने साखर होते आणि जिने तोडलेल्या उसाच्या चोयट्यावर कारखाने वीज निर्माण करून विकतात, तिच्या कोपीत मात्र उजेडाचीही खात्री नसते.

दुसरा प्रश्न इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांचा. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून बाहेरगावचा माणूस त्या गावात पोटासाठी येत आला आहे. एका खोलीत चौघे-पाच जण. रेशनकार्ड गावाकडचे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालेल असे ठरले. पण एकट्या पुरुष कामगाराला त्याचा उपयोग नाही. तो पाच किलोची छोटी टाकी घेतो. पत्त्याच्या पुराव्याविना मिळणाऱ्या या टाकीला घरगुती दर लागू होत नाही, त्यामुळे किलोमागे तो बंगलेवाल्यापेक्षा अधिक पैसे देतो. इंडोनेशियाने २००७ पासून रॉकेल बंद करताना तीन किलोच्या टाक्या कोट्यवधी घरांना दिल्या आणि लहान टाकीचाच गॅस सवलतीचा ठेवला. आपल्याकडे नेमके उलट झाले आहे.

विजेचीही अशीच कथा. घरगुती विजेचा दर पहिल्या शंभर युनिटांना कमी आणि पुढील युनिटांना चढा असतो. चार भाडेकरू प्रत्येकी साठ युनिट वापरतात, पण मीटर एकच. एकत्र वापर २४० युनिट झाला की त्यातील १४० युनिट चढ्या दरात जातात. स्वतंत्र मीटर असता तर एकही युनिट त्या दरात गेले नसते. शिवाय स्थिर आकार, वहन आकार, सोळा टक्के वीज शुल्क. आणि वर मालक ठोक दराने वसूल करणार तो. सभागृहातील ज्यांच्या चाळी वा खोल्या भाड्याने आहेत, त्यांनी पोटमीटरचा हिशेब एकदा भाडेकरूच्या बाजूने करून पाहावा, अशी नम्र विनंती आहे.

पर्याय नाहीत असे नाही. गोबरगॅसच्या बाबतीत कोल्हापूर जिल्हा राज्यात अग्रेसर राहिला आहे. परंतु दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते. म्हणजे तो दोन-चार जनावरे आणि अंगण असलेल्या शेतकऱ्याचा उपाय झाला. एवढेच काय, पूर्वी भूमिहीन बाईला गोठ्यातील शेण सहज मिळे; गोबरगॅस आल्यावर त्या शेणाला मोल आले आणि तिच्या शेणी बंद झाल्या. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण कशी होते, याचे हे उदाहरण विसरू नये. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसविली, तिला २००२ साली लंडनचे अॅश्डेन पारितोषिक मिळाले. त्या कोळशाच्या मूठभर कांड्यांवर चालणारा ‘सराई’ कुकरही त्यांनी तयार केला. आपल्या जिल्ह्यात पाचटाची वाण नाही, तरीही ते फडातच पेटवून देण्याची चाल पुरती गेलेली नाही.

आता थोडे समाजाच्या घरातले. जैन समाजात गरीब नाही, असा एक समज बाहेर आहे आणि दुर्दैवाने आतही आहे. शेतमजुरी करणारी, मागावर जाणारी, दुकानात पुड्या बांधणारी कुटुंबे समाजात आहेत आणि ती मागावयास लाजतात. त्यातील अनेक घरांत, विशेषतः चातुर्मासात, उकळलेले पाणी पिण्याचा नियम पाळला जातो. त्याचाही हिशेब मांडता येतो. दहा लिटर पाण्याला पूर्ण उकळी आणण्यास साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम गॅस लागतो. महिन्याला तीन ते पावणेचार किलो, म्हणजे टाकीचा जवळजवळ चौथा हिस्सा केवळ नियमासाठी. सधन घराला हे जाणवतही नाही. दुसऱ्या घरात मात्र नियम सोडावा की मुलांचे दूध, असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याची वाच्यता होत नाही. अग्निकायिक जीवांच्या विराधनेचा विचार करणाऱ्या समाजाने निरर्थक जळणाऱ्या इंधनाचाही विचार करावा. पातेल्यावर झाकण ठेवणे, हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय.

ट्रस्टच्या इमारतीच्या गच्चीवर सौर बंब बसविता येईल. साठ अंशांपर्यंत तापलेले पाणी उकळण्यास निम्म्याच्या आसपासच गॅस लागतो. ते पाणी तेथेच गाळून, उकळून सकाळी नियम पाळणाऱ्या कुटुंबांना विनामूल्य देता येईल. सधन घरांनीही तेथूनच न्यावे, म्हणजे पाणी कोण नेतो यावरून कोणाची गरिबी उघडी पडणार नाही.

दुसरी सूचना टाकीची. मदत म्हणून शेगडी देऊन छायाचित्र काढण्यापेक्षा सुवर्णमहोत्सवी निधीतून दोन लाख रुपये बाजूला काढून फिरता निधी करावा. टाकी आली की गॅस एजन्सीला पूर्ण रक्कम ट्रस्टने द्यावी आणि कुटुंबाने ती दर आठवड्याला अडीचशे रुपयांप्रमाणे, बिनव्याजी, परत करावी. हजार रुपये टाकीचा दर धरला तर एका वेळी दोनशे कुटुंबे या रकमेत बसतात आणि चार आठवड्यांत पैसा पुन्हा पेटीत येतो. काही हप्ते बुडतील. उधारीचा धंदा केलेल्या कोणासही ते सांगावे लागणार नाही. शेकडा पाच बुडीत धरूनही वर्षाची तूट एका स्नेहभोजनाच्या खर्चाच्या आत बसेल, किंवा फार तर थोडी वर जाईल. कर्जदारांची यादी सूचनाफलकावर लावू नये. कुटुंबांची नावे चातुर्मासापूर्वी महिला मंडळाने घरोघरी जाऊन घ्यावीत, कारण कोणाच्या घरी टाकी रिकामी पडून आहे हे स्वयंपाकघरापर्यंत गेल्याशिवाय कळत नाही.