शिकलेले कोकण रिकामे का होते?

 पनवेल ही घाट आणि बंदर यांना जोडणारी जुनी बाजारपेठ. १८७२ पासून आयुर्वेदिक औषधे बनवणारे धूतपापेश्वर इथलेच आणि आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोणही याच तालुक्यातले. इथे भरलेल्या या परिषदेच्या विषयाकडे मी थेट वळतो. ओसरत चाललेल्या ग्रामीण भागाला सावरण्यात स्थानिक महाविद्यालयाचा वाटा कोणता, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली आणि सिंधुदुर्गाचीही सुमारे १९ हजारांनी घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ता पुरुष मुंबईला आणि घर बाईच्या खांद्यावर, असा या आकड्याचा सरळ अर्थ आहे. पण याच जनगणनेत रत्नागिरीची साक्षरता ८२ टक्क्यांवर आणि सिंधुदुर्गाची ८५ टक्क्यांवर होती. निरक्षरतेमुळे मुलूख मागे पडतो, हे आपले नेहमीचे गणित इथे लागू पडत नाही. शिकलेला मुलूखच रिकामा होतो आहे. याचे कारण मला असे दिसते की, आपण कोकणात दिलेले शिक्षण कोकणाबद्दलचे नव्हतेच. ते मुंबईच्या कचेरीसाठी होते आणि मुले त्या शिक्षणाला इमानाने जागली. म्हणून आणखी चार पदवी महाविद्यालये काढून हा ओघ थांबणार नाही. परिसरातला माल, जमीन आणि यंत्रे यांवर ज्याचा अभ्यासक्रम उभा आहे, असे महाविद्यालय काढावे लागेल.

काजूचेच पाहा. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या सुधारित जाती दिल्या, १९९० पासून रोजगार हमीच्या जोडीने फळबागा वाढल्या, झाडे उभी राहिली. खरा पैसा मात्र झाडाच्या पुढे आहे. बी वाफवायची, ती अशी फोडायची की आतला गर अखंड राहील आणि टरफलातल्या तेलाने हात भाजणार नाहीत. मग गर भट्टीत वाळवायचा, तांबडी साल काढायची आणि आकारानुसार प्रतवारी करायची. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. गर तुटला की तो तुकड्यांत जातो आणि भाव कोसळतो. हा फरक हाताच्या सरावाचा आहे, आणि भट्टीचे तापमान, वीजबिल, बँकेचे कर्ज व खरेदीदाराशी करायच्या कराराचाही आहे. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात हे सगळे शिकवता येते. तीच गोष्ट आपल्या पनवेलची. खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत तग धरणारी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही भाताची वाणे इथल्याच खारभूमी संशोधन केंद्राने दिली. केंद्र आहे, वाण आहे, खार जमीनही आहे. या तिन्हींना जोडून त्यावर पोट भरायला शिकवणारा वर्ग मात्र नाही.

हे केवळ स्वप्नरंजन नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शाळेत न टिकलेली मुले वेल्डिंग, सुतारकाम, शेती-पशुपालन, वीज, अन्नप्रक्रिया ही कामे गावाची खरी गरज भागवत शिकतात आणि त्या कामाचे पैसेही घेतात. परदेशातला दाखला डेन्मार्कचा. १८७० नंतर अमेरिकेचे आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपात आले आणि तिथला धान्य पिकवणारा शेतकरी अडचणीत सापडला. तो लोणी आणि डुकराच्या मांसाकडे वळला. १८८२ मध्ये येडिंग गावी पहिली सहकारी डेअरी उभी राहिली. या बदलाच्या पाठीशी डॅनिश विचारवंत ग्रुंडविगच्या विचारांतून १८४४ पासून निघालेल्या लोकशाळा होत्या. लक्षात घ्या, त्या शाळांत मुख्यतः इतिहास आणि साहित्य शिकवत, लोणी काढणे नव्हे. तरुण शेतकरी तिथे एकत्र बसायला, बोलायला आणि संस्था चालवायला शिकला. म्हणून निव्वळ कौशल्यवर्गांवर माझा भरवसा नाही. भट्टी लावता येते पण सोसायटीचा ताळेबंद वाचता येत नाही, असा पदविकाधारक पुन्हा दलालाच्याच दारात उभा राहील.

यावर आक्षेप येतो की आधी कारखाने आणा, शिक्षण मागून येईल. पनवेल-उरणने हा प्रयोग केलेला आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले, २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. काम दाराशी आले. पण मिठागरात आणि भातखाचरात राबलेल्या घरातल्या मुलाला क्रेन, शीतगृह किंवा मालवाहतुकीचे संगणकीकृत व्यवहार आपोआप येत नाहीत. जमिनीचा मोबदला एका पिढीत खर्चून जातो, म्हणून कामाच्या शिक्षणावरही तितक्याच ठामपणे हक्क सांगायला हवा होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गरिबाच्या मुलाला हत्यार आणि श्रीमंताच्या मुलाला पदवी, ही नवी वर्णव्यवस्था नव्हे काय? ही भीती रास्त आहे आणि ती झटकून टाकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’चा मार्ग घालून दिला, तो पदवीकडेच जाणारा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१३ ची कम्युनिटी कॉलेजची योजना आणि आताची, मिळवलेले श्रेयांक जमा ठेवणारी श्रेयांक पेढी यांमुळे प्रमाणपत्रापासून पदवीपर्यंतची वाट कागदावर तरी खुली आहे. ती वर्गात खुली ठेवली नाही तर हा आक्षेप खरा ठरेल. आणि ज्याला मुंबईला किंवा परदेशी जायचे आहे, त्याने खुशाल जावे. गावात राहण्याची सक्ती कुणावर नको. जाण्याची सक्ती आज आहे, ती हटवायची आहे.

प्रतिनिधींना माझी एकच विनंती आहे. या परिषदेत ठरावांची संख्या कमी असली तरी चालेल, पण एक ठराव जरूर करा: आपल्या प्रत्येक महाविद्यालयाने उत्तीर्ण झालेले विद्यार्थी तीन वर्षांनी कुठे आहेत, काय कमावतात आणि त्यांतले किती जण आपल्याच तालुक्यात आहेत, याची नोंद ठेवावी आणि ती दरवर्षी निकालाच्या टक्केवारीशेजारी जाहीर करावी.