वाढीचे माप

गोदावरीच्या काठी, बासर येथे ज्ञानसरस्वतीचे मंदिर आहे. नांदेडकडील मराठी आईबापही आपली मुले अक्षराभ्यासासाठी तेथे आणतात. देवीपुढे बालकाचा हात धरून पाटीवर पहिले अक्षर गिरविले जाते. सोबत पुष्कळदा आजोबाही असतात. परंतु मधुमेहाने दृष्टी अधू झाली असेल, तर नातवाचे ते अक्षर त्यांना दिसेलच असे नाही. जवळच्या मुधोळला हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे केंद्र आहे, ही त्या मुलखाची मोठीच सोय होय.

मधुमेहात डोळ्याच्या पडद्यातील केशवाहिन्या बुजू लागतात. प्राणवायूला मुकलेल्या पेशी तेव्हा एक प्रथिन सोडतात. रक्तवाहिन्यांना फुटवा आणणारा हा वृद्धिघटक नेपोलिओने फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली वेगळा काढला. त्याच्या हाकेने नव्या वाहिन्या फुटतात खऱ्या, पण त्या कच्च्या असतात. पाझरतात, फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरते. मदतीला आलेली वाढच घात करते.

या घटकाचे सामर्थ्य उंदरांनी दाखविले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. १९९६ साली दोन निरनिराळ्या संशोधक गटांनी या घटकाच्या जनुकाची एकच प्रत निकामी केली. दुसरी प्रत शाबूत होती. तरीही रक्तवाहिन्यांची घडण बिघडून पिले अकराव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास गर्भातच दगावली. उलट, १९९७ साली ज्या उंदरांच्या प्रकाशग्राही पेशींत हा घटक जादा निर्माण होईल अशी योजना केली होती, त्यांच्या दृष्टिपटलात नको तेथे वाहिन्या माजल्या. निम्म्याने जीव गेला, अधिकाने डोळा बिघडला.

कर्करोगाची गाठही नव्या वाहिन्यांवाचून वाढत नाही, असे बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ सालीच प्रतिपादिले होते. पुढे या घटकाला अडविणारे औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. त्याच जातीची औषधे आता डोळ्यात टोचून दिली जातात. त्यांनी अनेकांची दृष्टी राखली आहे. मात्र फार उशिरा आलेल्याचे गेलेले तेज ती परत आणू शकत नाहीत.

आणि येथेच खरी अडचण आहे. या रोगाच्या आरंभी डोळा दुखत नाही, दिसतेही स्वच्छ; म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मधुमेह्याने दृष्टी मंद होण्याची वाट न पाहता दरसाल डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. नातवाच्या हाती पाटी देणाऱ्या आजोबांना त्या पाटीवरचे अक्षरही दिसावयास हवे.