विरहाची कविता ‘रडकी’ नव्हे

विरह मराठी कवितेत पहिल्यापासून आहे. हालाच्या ‘गाथासप्तशती’त परगावी गेलेल्या पुरुषाची बायको बोलते. ज्ञानदेवांच्या विराण्यांत विठ्ठलासाठी झुरणारा जीव बाईचा आवाज घेतो. त्या झुरण्याला कोणी रडगाणे म्हटले नाही. गाथा रसिकतेच्या खात्यावर जमा झाल्या, विराण्या अध्यात्माच्या. बायका आपल्या संसारातले दुःख स्वतःच्या नावाने छापू लागल्या तेव्हा मात्र ‘रडकी’ हा शेरा आला आणि समीक्षेत ठाण मांडून बसला. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने या व्यासपीठावरून आधी त्या शेऱ्याचा जाब विचारला पाहिजे.

इंदिरा संत यांचे पती ना. मा. संत 1946 साली वारले. त्यानंतर ‘शेला’ (1951), ‘मेंदी’ (1955) आणि ‘मृगजळ’ (1957) हे संग्रह आले. त्यांना वैधव्याची रोजनिशी समजणाऱ्यांनी त्यांतली घडण पाहिलीच नाही. या कवितेत आक्रोश जवळजवळ नाही. पाऊस, झाड, संध्याकाळ असे एखादे दृश्य उभे राहते आणि दुःख त्यात इतके मुरलेले असते की वेगळे काढून दाखवता येत नाही. बेळगावात शिकवत, मुले वाढवत लिहिलेली ही कविता जखम भरल्याचे कुठेही जाहीर करत नाही. तिच्यातले सावरणे दिसते ते शब्दांच्या काटकसरीत.

‘विरहतरंग’ (1926) लिहिणाऱ्या माधव जूलियन यांना 1936 साली जळगावच्या संमेलनाने अध्यक्ष केले. ते योग्यच झाले. 1992च्या कोल्हापूर संमेलनाच्या निवडणुकीत मात्र इंदिराबाई हरल्या. अध्यक्षपदाच्या यादीतली ही उणीव पुढच्या कोणत्याही सत्काराने भरून निघालेली नाही. मते जुळवणे ज्यांना साधते, त्यांना कविता वाचणे साधतेच असे नाही. त्या निवडणुकीत ते उघड झाले.

बहिणाबाई चौधरी (1880–1951) तरुणपणीच विधवा झाल्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी तिच्या मुलाने, सोपानदेवांनी जपली आणि ती 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. कुंकू पुसले गेल्यावर ती ज्योतिषाला दारातूनच परत पाठवते, आपला हात त्याला पाहू देत नाही. आपले दैव आपल्याला कळते, हे ती ठणकावून सांगते. स्वतःवरचे प्रेम म्हणतात ते हे. आज मोबाईलवर फिरणाऱ्या ‘स्वतःवर प्रेम करा’ छापाच्या ओळी दुःखाला वळसा घालून थेट समाधानावर पोचतात, म्हणूनच त्या दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत.

बायकांच्या या कवितेचे खरे भांडार तर जात्यापाशी आहे. सासरी नांदणारी बाई पहाटे दळताना जात्यालाच देव मानून त्याच्यापाशी मन मोकळे करी. घरच्यांना जे सांगता येत नसे ते ओवीत येई, शेजारची बाई त्यात आपली ओवी जोडी, आणि दळण संपेपर्यंत दुःख दोघींचे होई. पिठाच्या गिरण्या आल्या आणि ही जागाच गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तर इंदिराबाईंनी ‘मालनगाथा’त या अनामिक बायकांच्या ओव्या कवयित्रीच्या नजरेने वाचल्या. विद्यापीठांत मात्र ओवी आजही लोकसाहित्याच्या पेपरात आणि विरहकविता आधुनिक कवितेच्या पेपरात अशी वाटणी आहे. ती मोडून दोन्ही एकाच अभ्यासपत्रिकेत, कविता म्हणूनच शिकवल्या जाव्यात, अशी या अध्यक्षपदाची मागणी आहे.